उरेल ती खूण

माणूस घरादारापासून दूर मेला तर त्याचं काय करायचं, हे माणसं एकमेकांना विचारत नाहीत. जीभ उचलत नाही. म्हणून मग ते काम कागदावर सोपवायचं. कागदाला ना जीभ, ना काळीज. तो बिनदिक्कत चार पानं भरून विचारतो: उंची किती, वजन किती, कुठल्या गावी पाठवायचं, तिथे कोण घेणार. आणि तिसऱ्या पानावर, खालून दुसऱ्या रकान्यात, ओळखीची खूण.

त्या कार्यालयात चार खिडक्या होत्या. एकेका खिडकीला एकेक भाषा. तिसऱ्या खिडकीत ती बारा वर्षं बसत होती. आपल्या बोलीची, परमुलखात राबायला आलेली माणसं तिच्याकडे यायची आणि मेल्यावर घरी पोचवण्याचा विमा उतरवून जायची. सगळे तिला कागदताई म्हणत. तिचं म्हणणं असं, की मरणाचा कागद हसत भरावा. “छत्री घेतली की पाऊस चुकवतो, तसंच हे,” ती सांगायची. आणि सगळ्यांत अवघड प्रश्न ती शिक्का शोधता शोधता विचारायची, म्हणजे समोरच्याला तिच्या डोळ्यांत बघावं लागू नये. “बरं, तिकडे घेणार कोण हो? बाप? की थोरला?” शिक्का समोरच असायचा.

खुणेचा रकाना तिचा लाडका. बाकी सगळा कागद कोरडा ठणठणीत, पण या एका ओळीत माणसाचं लहानपण सापडायचं. कोपरावर भाजल्याचा डाग, आई धार काढत असताना चुलीशी गेलो होतो. पाठीवर नाण्याएवढी जन्मखूण. हनुवटी फुटलेली, भावाने झोका सोडला. माणसं ही खूण सांगताना हसायची, सदरे वर करून दाखवायची. ती लिहायची आणि मनात म्हणायची, देवा, ही खूण कधी कुणाला शोधावी लागू नये.

त्या सोमवारी टाकीवाले आले.

समुद्राकडच्या कारखान्यात तेलाच्या मोठाल्या टाक्या होत्या. रिकाम्या केल्या की आठ जणांची टोळी आत उतरायची, तळाचा गाळ खरवडायची, मग गंजलेल्या जागी पत्रा ठेवून वेल्डिंग करायची. सगळी टोळी आपल्या बोलीची. त्यांच्या कपड्यांना एक वास यायचा, साबणाला न जुमानणारा. टोळीत आठवा होता तिचा धाकटा भाऊ. चार महिन्यांपूर्वी लागला होता.

“ताई, शुक्रवारपर्यंत पाहिजे बरं का,” पहिला आला तो म्हणाला. बुटका, बैठा, दारातल्या उंबऱ्यासारखा. “विमा नसेल तर टाकीचा पास नाही. पास सगळ्या टोळीचा एकच. एक कागद अडला तर आठही बाहेर.”

“खूण सांग.”

त्याने ओठ वर केला. आत एक दात पोलादाचा होता.

दुसऱ्याने गुडघ्यातले दोन स्क्रू लिहायला सांगितले. तिसऱ्याच्या मनगटावर कडं होतं, निघूच नये म्हणून वेल्डिंगने जोडून घेतलेलं. चौथ्याच्या खांद्यात लहानपणी शिकारीत घुसलेला छर्रा अजून तसाच.

“अरे, टोळी आहे की भंगाराचं दुकान?” ती म्हणाली. खिडकीबाहेर हशा पिकला. तीही हसली. हसतच तिने पुढचा कागद ओढला.

एरवी कागदाला आठ दिवस लागत. आपली माणसं आहेत, अडली आहेत, म्हणून तिने कंबर कसली. स्वतः एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फायली नेल्या. गावोगावच्या घरी फोन लावले, घेणाऱ्यांच्या संमत्या घेतल्या. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाच कागद पक्के झाले. टोळीतला सातवा म्हणजे टोळीचा म्होरक्या, मुकादम. त्याचा विमा जुनाच होता.

बुधवारी सकाळी सहावा आला, बोलका. त्याच्या उजव्या गालावर वाटाण्याएवढा काळाभोर तीळ. त्याने सांगितलं, “मांडीच्या हाडात पोलादी पट्टी आहे, ती लिहा.”

“पट्टी कुणाला दिसणार रे? गालावर एवढा दिवा लावलाय देवाने. आंधळासुद्धा ओळखेल. तीळ लिहू?”

“गाल राहिला पाहिजे ना ताई,” बोलका हसत म्हणाला.

मागे उभ्या बुटक्याने त्याला कोपर मारलं. बोलक्याचं हसू तोंडावरच वाळलं.

तिने पेन खाली ठेवलं. “म्हणजे?”

“काही नाही हो. मुकादम म्हणाले, उरेल ती खूण लिहा. बाकी काही नाही.”

उरेल ती खूण. तिने समोरची फाईल ओढली आणि तिसरी पानं एकापाठोपाठ एक उलटली. दात. स्क्रू. कडं. छर्रा. पाचव्याने लिहिलं होतं, कमरेच्या पट्ट्याचं पितळी बक्कल, रोज तेच. या पोरांच्या अंगावर लहानपण नव्हतं असं नाही. त्यांनी ते मुद्दाम वगळलं होतं. जे जळतं ते सगळं वगळलं होतं.

तिने फाईल मिटली. पाच कागदांवर तिचाच शिक्का होता, आणि शाई कधीच सुकली होती.

संध्याकाळी धाकटा घरी आला. घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तो, आतल्या खोलीत ती. त्याने बूट दाराबाहेर काढले, हात कोपरापर्यंत घासले, आणि ताटावर बसला. तिने पहिला घास होऊ दिला.

“टाकीत काय झालंय?”

“कुठे काय?”

“माझ्याशी खोटं बोलायचं तर आधी दोन जन्म जास्त घेऊन ये. टाकीत काय झालंय?”

त्याने मान खाली घातली. मग एकेक सांगू लागला. टाकी रिकामी केल्यावर तीन दिवस पंखे लावायचे असतात, आतली वाफ निघून जावी म्हणून. ते एका दिवसावर आणलं. वायू मोजायचं यंत्र बिघडलंय. काटा शून्यावरून हलतच नाही, टाकीत धरा की उघड्यावर धरा. नवं मागवलंय म्हणतात. पण टाकी पुढच्या आठवड्यात भरायची, जहाज निघालंय. आणि आत वेल्डिंग आहे.

“आणि तू उतरणार?”

“सगळे उतरणार. सात जण आत आणि मी घरी बहिणीच्या पदराआड? तोंड दाखवायला जागा राहील?”

“तोंड राहिलं तर दाखवशील.”

तो हसला. त्याला वाटलं ती नेहमीसारखी बोलते आहे. ती भांडी उचलायला उठली, तेव्हा तो पाठीमागून म्हणाला, “तसंही माझा कागद अडलाय. मुकादम म्हणतात, खूण आण, मग जा. माझ्या अंगावर आहे काय? ओरखडासुद्धा नाही. तुझ्यामुळे.”

ते मात्र खरं होतं. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा आणि ती चौदाची. तिने त्याला झाडावर चढू दिलं नाही, चुलीशी जाऊ दिलं नाही, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं. न्हाऊ घालताना ती आईचंच गाणं म्हणायची, आई स्वतःच्या भावासाठी म्हणायची ते:

माझ्या गं भावाचं, अंग चांदण्याचं,
नको ऊन कुणाचं, लागू त्याला.

आज त्या चांदण्याच्या अंगावर एकही डाग नाही, याचं तिला पहिल्यांदा बरं वाटलं आणि पहिल्यांदाच भयही वाटलं. खूण नाही म्हणजे कागद नाही. कागद नाही म्हणजे पास नाही. भय याचं, की खूण मिळवता येते.

गुरुवारी तिने दोन कामं केली. सकाळी कारखाने तपासणीच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली. तक्रार लेखी द्या, पाहणी पंधरा दिवसांत होईल. “पंधरा दिवसांनी पाहायला काय उरेल?” तिने विचारलं. बाई म्हणाली, “तसा रकाना आमच्याकडे नाही.”

जेवणाच्या सुट्टीत ती मुकादमाला भेटायला गेली. कारखान्याच्या कुंपणाबाहेर टोळीचा पत्र्याचा निवारा होता. मुकादम दारात खुर्ची टाकून बसला होता. साठीचा, सावकाश माणूस. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, त्यामुळे तो चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचा. कुंपणाच्या आत टाकी दिसत होती, पांढरी, गोल, उन्हात झोपलेल्या जनावरासारखी शांत. तिच्या पोटाला माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं.

“ये पोरी. का आलीस ते कळलं मला.”

“मुकादमकाका, तुम्ही पोरांना खुणा बदलायला लावल्या.”

“लावल्या.”

“दरवेळी लावता?”

त्याने पेला खाली ठेवला. “नाही. टाकीवर भरवसा नसण्याची वीस वर्षांत ही तिसरी खेप.”

“मागच्या दोन खेपांना काय झालं?”

“एकदा काही नाही झालं.”

ती दुसऱ्या खेपेचं विचारणार नव्हती. पण त्याला सांगायचं होतं. असं ओझं माणूस सहसा एकट्याने वाहत नाही, कुणी विचारायची वाट बघत असतो.

“अशीच टाकी. पाच पोरं. ओळख पटवायला मला नेलं. ओळखायला होतं काय तिथे? पण साहेब घाई करत होते, प्रेतांचे डबे बंद करायचे होते. मी अंदाजाने बोट दाखवत गेलो. हा अमक्याचा, हा तमक्याचा. दुसऱ्या दिवशी एकाच्या आईचा फोन आला. म्हणाली, दादा, माझ्या पोराच्या पायात सळई आहे बरं का, जपून आणा, लागेल त्याला. तोवर डबे निघून गेले होते. सळईवाला दुसऱ्याच गावी गेला होता.” त्याने उरलेली तीन बोटं गुडघ्यावर दाबली. “दोन आया चुकीच्या पोराला रडल्या. त्यांना अजून ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. तेव्हा ठरवलं, पोरांना परत आणणं माझ्या हातात नसेल, पण ज्याचा त्याला पोचवीन.”

“तुम्ही मेलेल्यांची काळजी घेता, काका. जित्यांची कुणी घ्यायची?”

“तू तरी वेगळं काय करतेस?”

सुरी कलिंगडात जावी तसं ते वाक्य आत गेलं. बारा वर्षं ती हसत हसत छत्र्या वाटत आली होती.

“नाही म्हणा ना कारखान्याला,” ती शेवटी म्हणाली.

“म्हटलं होतं एकदा, जवान होतो तेव्हा. आठ दिवसांत परत पाठवलं. टाकी दुसऱ्या टोळीने साफ केली. आपण नाही म्हटल्याने टाकी नाही म्हणत नाही, पोरी.” मग जरा मऊ आवाजात, “तुझा भाऊ खूण आणेपर्यंत मी त्याचं नाव देणार नाही. एवढं माझ्या हातात आहे.”

ती परत आली ती थोडी सावरून. एवढं हातात आहे. तिने तेवढंच घट्ट धरून ठेवलं. त्या रात्री धाकटा घरी आला नाही. मित्राच्या खोलीवर थांबतो, असा निरोप आला.

शुक्रवारी अकराच्या सुमारास तो खिडकीपुढे उभा राहिला. रांगेतून आला, इतर गिऱ्हाइकांसारखा. डावा गाल सुजून वर आला होता. तोंडाला रुमाल लावलेला.

“काय झालं रे? कुणी मारलं?”

त्याने मान हलवली आणि रुमाल बाजूला केला. ओठ उचलायला त्याला बोट लावावं लागलं. आत, रक्ताळलेल्या हिरडीत, कोरा करकरीत पोलादी दात चमकत होता.

“मिळाली खूण,” तो बोबडं बोलला. त्याला वाटलं, ती शाबासकी देईल.

“दात... किडला होता?”

“छे. चांगला होता. म्हणून तर कवच बसवायला जास्त घासावा लागला.”

त्या दाताचं पहिलं टोक हिरडीतून वर आलं ते तिने पाहिलं होतं. दुधाचा दात पडून महिना झाला होता, तोच तिला म्हणाला होता, बोट लावून बघ गं, आलाय का. तिने बोट लावलं होतं आणि त्याने कडकडून चावलं होतं. आता तो दात कुणाच्या तरी दवाखान्यात पीठ होऊन पडला होता.

तो उत्साहाने सांगत होता. मुकादमांनी नाव दिलं, दुपारी चारला पास निघतो, सात कागद तयार आहेत, हा एकच बाकी. मागे बुटका आणि बोलका उभे होते, त्याच्या पाठीवर थापा मारत. “आमच्यात आला हो ताई, पक्का भंगारवाला झाला!”

तिने कागद भरायला घेतला. काय करणार? हात आपोआप चालत होता. उंची. वजन. गाव. दात पोलादाचा, वरचा, डावीकडे. चौथ्या पानावर आली.

पार्थिव कोण स्वीकारणार? नियम असा, की घेणारा रक्ताच्या नात्याचाच हवा. आईबाप नव्हते. काका-मामा उरले नव्हते. या भल्यामोठ्या पृथ्वीवर त्याला घेणारं माणूस एकच होतं, आणि ते खिडकीच्या या बाजूला बसलं होतं.

त्या प्रश्नाखाली दोन ओळी छापलेल्या होत्या. मी हे पार्थिव स्वीकारीन. मी हे पार्थिव स्वीकारणार नाही. एकीवर नातेवाइकाचं नाव घालायचं, दुसरी खोडायची. बारा वर्षांत तिच्या खिडकीत दुसऱ्या ओळीवर कुणाचं नाव पडलं नव्हतं. एका बापाने विचार करायला एक दिवस मागितला होता, तेवढंच.

आज तिला शिक्का शोधण्याचं सोंग करता आलं नाही. धाकटा तिच्याकडे बघत होता, एक गाल सुजलेला, एक गाल लहानपणीचा. तिने पट्टी ठेवली. पहिली ओळ खोडली. रेघ पट्टीवरून सुटली, ती पुन्हा मारली. मग दुसऱ्या ओळीवर तिने आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, वाचता यावं असं. कागद उलटा करून त्याच्यापुढे सरकवला.

त्याला वाचायला वेळ लागला. नंतर त्याने वर पाहिलं.

“चुकून खोडलंस तू.”

“नाही.”

“ताई, चुकून खोडलंस. वरची ओळ खोडलीस.”

“मला माहीत आहे मी काय खोडलं.”

“म्हणजे मी मेलो तर तू...” त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ ओघळली, ती पुसायचंही त्याला सुचलं नाही. “तू मला घेणार नाहीस?”

“नाही घेणार. मला जिवंत हवास. मेलेला नको. मेलास तर जिथे पडशील तिथे पड, मी येणार नाही, बघणार नाही, रडणार नाही.” तिने पेनाला टोपण घातलं. “घेणारा नाही, तर विमा नाही. विमा नाही, तर पास नाही. जा, सांग मुकादमाला.”

रांगेतली माणसं पुढे सरकली. कार्यालयाच्या साहेबांनी काचेमागून मान वर केली. बोलका पुढे आला. “ताई, असं करू नका हो. आम्ही आठही जण अडू. आमच्या पोटावर पाय येतोय.”

“येऊ दे. पोटावर आलाय तोवर बरं आहे.”

धाकट्याने कागद उचलला, घडी केली, उलगडला, परत ठेवला. “माणसं वैऱ्याच्या प्रेतालासुद्धा नाही म्हणत नाहीत,” तो हळू म्हणाला. “आजपासून मला बहीण नाही.” आणि रुमाल तोंडावर दाबून निघून गेला. बुटका जाताना तिच्याकडे असा बघून गेला, की तिने खिडकीची झडप खाली ओढून घेतली.

मग दोन दिवस बाहेरची खोली रिकामी राहिली. तिने त्याच्यासाठी ताट वाढलं आणि झाकून ठेवलं, दोन्ही दिवस. दुपारच्या शांततेत कुठे काही धाडकन वाजलं की ती उठून खिडकीशी जायची आणि समुद्राकडच्या आभाळाकडे बघायची. आभाळ स्वच्छ होतं. आपण नाव घातलं ते वाक्य तिला राहून राहून आठवायचं आणि ती मनातल्या मनात त्यावर दुसरं काही लिहू पाहायची, पण आईच्या गाण्यातली एकही ओळ त्या वाक्यावर बसत नव्हती.

सोमवारी सकाळी मुकादम आला. रांगेत नाही, बाजूच्या बाकावर बसून राहिला. गर्दी ओसरल्यावर खिडकीपाशी आला.

“धाकटा माझ्याकडे आहे. जेवतो. तुझं नाव काढत नाही, पण दुसरं कुणी काढलं तर उठून जातो. म्हणजे येईल परत, कधीतरी.”

“टाकी?”

“आमच्याकडून काढली. कारखान्याला नववा माणूस शोधायला वेळ नव्हता. सगळी टोळी बाहेरच्या कामावर लावली. पाइप रंगवतायत. शिव्या घालतायत तुला.”

तिने डोळे मिटले. आठ. धाकटा, बुटका, बोलका, सगळे उन्हात उभे राहून पाइप रंगवत होते आणि तिला शिव्या घालत होते. तिला त्या शिव्या ओवाळून घ्याव्याशा वाटल्या.

“आम्हा आठांना वाचवलंस,” मुकादम म्हणाला. पण त्याचा चेहरा उजळला नव्हता. तो तिच्याकडे बघतही नव्हता. तो चौथ्या खिडकीकडे बघत होता.

“काका? टाकीचं काय झालं?”

“जहाज काय थांबतंय, पोरी.”

तिने वाकून शेजारी पाहिलं. चौथ्या खिडकीपुढे माणसं उभी होती. तिने मोजली. आठ. कोरे कपडे, घडीच्या रेघा अजून न मोडलेल्या, टाकीवाल्यांच्या रंगाचे. त्यांना अजून तो वास लागलेला नव्हता. ती माणसं आपसांत काहीतरी बोलत होती, हसत होती, एकाने दुसऱ्याची टोपी ओढली. त्यांची भाषा तिला येत नव्हती, एक शब्दही नाही.

“नवखे आहेत,” मुकादम खालच्या आवाजात म्हणाला. “परवा उतरले इथे. मी काल जाऊन त्यांच्या म्होरक्याला टाकी दाखवली, हात हलवले, नाक दाबून दाखवलं. त्याला वाटलं, मी काम हिसकावायला आलोय.”

“मी साहेबांना सांगते.”

“सांग. मीही सांगितलं कारखान्यात. लेखी द्या म्हणाले.”

चौथ्या खिडकीतली शेजारीण भराभर लिहीत होती. चांगली, कष्टाळू बाई. आपली माणसं अडली आहेत म्हणून ती आज डबाही न खाता बसली होती. तिच्या कोपराशी भरलेल्या कागदांची चळत, तिसरं पान वर. कागद भरले जायचे ते कार्यालयाच्या सामाईक भाषेत, आणि ती चारही खिडक्यांना येत होती.

तिने मान लांब करून वाचलं. एकाची खूण, दंडावर गोंदलेलं फूल. दुसऱ्याची, कानामागे चामखीळ. तिसऱ्याच्या पोटरीवर कुत्रं चावल्याचा वण. चौथ्याच्या गळ्यावर जन्मखूण, पानाच्या आकाराची. एकेका ओळीत एकेक लहानपण, पूर्ण, टवटवीत. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

ती उठली. बाजूची फळी वर करून बाहेर आली. बारा वर्षांत कामाच्या वेळी ती त्या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. रांगेतला पहिला माणूस विशीतला असेल. तिच्या गळ्यातली ओळखपट्टी पाहून तो अदबीने सरकला. त्याला वाटलं, ही कागद तपासायला आलेली मोठी बाई. त्याने हातातला अर्धा भरलेला कागद तिच्यापुढे धरला आणि खुणेच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रकाना अजून कोरा होता.

“त्यांना सांग,” ती शेजारणीला म्हणाली. “माझं बोलणं त्यांच्या भाषेत सांग. सगळ्यांना. आत्ता.”

शेजारणीने पेन थांबवलं. काचेमागे साहेब उभे राहिले होते, दाराकडे येत होते.

“काय सांगू?” शेजारणीने विचारलं.

तो पोरगा दोघींकडे आळीपाळीने बघून हसला. मग त्याने टोपी काढली, कपाळावरचे केस मागे सारले, आणि भुवईवरचा एक जुना, पांढरा व्रण तिला नीट दिसावा, नीट लिहून घेता यावा, म्हणून मान खाली झुकवून तो तिच्यापुढे अगदी स्थिर उभा राहिला.